दोन ओहमची कुजबुज

तांदूळ दहा किलो होता. कडावजवळच्या एका शेतकऱ्याकडून दर वर्षी दिवाळीनंतर घेतो तसाच, कापडी पिशवीत, तोंड सुतळीनं आवळलेला. मागच्या सीटवर नारळ आणि केळीचा घड होता, म्हणून पिशवी शेजारच्या सीटवर ठेवली आणि कर्जतच्या रस्त्याला लागलो. शंभर पावलंही गेलो नसेन, मीटरमध्ये लाल दिवा लुकलुकायला लागला आणि टिंग-टिंग सुरू झालं. शेजारी बसलेल्यानं पट्टा लावलेला नाही, अशी गाडीची तक्रार होती. मी पिशवीला पट्टा लावला. टिंग-टिंग थांबलं.

गाडी २०१२ सालची, दुसऱ्याकडून घेतलेली, टॉप मॉडेल. तोवर मला ठाऊकच नव्हतं की सीटला बसणाऱ्याची चाहूल लागते. कशी लागते ते शोधायला गेलो आणि त्या शोधात असा रमलो की पुढे वर्षभर त्याच विषयाचं वाचत होतो.

सीटच्या कापडाखाली, फोमच्या वर, एक चटई असते. वहीच्या कव्हराइतकी पातळ. प्लास्टिकच्या दोन पापुद्र्यांवर विजेची वाट छापलेली असते, अगदी छापखान्यात शाई छापतात तशीच, फक्त ही शाई चांदीची आणि कार्बनची. दोहोंच्या मध्ये तिसरा पापुद्रा, त्याला ठिकठिकाणी भोकं. कुणी बसलं की वरचा पापुद्रा भोकांतून खाली दबतो, खालच्याला टेकतो आणि वीज वाहायला वाट मिळते. मायक्रोवेव्हच्या सपाट बटणांमागे हीच रचना असते. तिला माणूस कळत नाही, दाब कळतो. दहा किलो तांदूळ एका जागी दाबून बसला की तिच्या लेखी तो प्रवासीच.

पण खरी करामत पुढे आहे. समजा सीट रिकामी आहे, म्हणजे वीज वाहत नाही. आता समजा उंदरानं वायर कुरतडली, तरीही वीज वाहत नाही. गाडीनं या दोहोंत फरक कसा करायचा? चांगल्या चटयांमध्ये यासाठी टोकाला एक रेझिस्टर कायमचा जोडून ठेवतात. सीट रिकामी असतानाही त्यातून विजेची एक बारीक धार सतत वाहते. ती धार म्हणजे ‘मी जागी आहे, पण कुणी बसलेलं नाही’ हा निरोप. धारच थांबली तर गाडी समजते की चटई मेली. पट्ट्याच्या कुलपातही कित्येक गाड्यांत असंच असतं: पट्टा लावलेला असेल तर एक ठरलेला प्रवाह, नसेल तर दुसरा ठरलेला प्रवाह, आणि या दोहोंपैकी काहीच नसेल तर बिघाड. ‘नाही’ हेसुद्धा तोंडानं सांगावं लागतं. गप्प राहिलेल्यावर इथे कुणी विश्वास ठेवत नाही.

हा नियम ज्यानं कुणी पहिल्यांदा मांडला असेल, त्याच्यापुढे मला हात जोडावेसे वाटतात.

पुढच्या श्रावणात खालापूरहून परतताना मीटरमध्ये दुसरा दिवा लागला. बसलेला माणूस आणि त्याच्या छातीपुढे गोल फुगा, असं लाल चित्र. हा दिवा चावी फिरवल्यावर दर वेळी पाच-सहा सेकंद लागतो आणि विझतो. या वेळी विझला नाही.

खोपोलीला शीळफाट्याच्या बाजूला एक ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी स्कॅनर लावून दोन कोड काढले: एक डाव्या सीटच्या सेन्सरचा, दुसरा त्याच सीटच्या कुशीत बसवलेल्या साइड एअरबॅगचा, ‘रेझिस्टन्स जास्त’ असा. त्यांचा पहिला प्रश्न होता, “काका, एवढ्यात सीट मागे-पुढे केली होती का? की गाडी धुवून घेतलीत आतून?” सीट आदल्याच दिवशी मागे सरकवली होती. त्यांनी मान हलवली, बॅटरीचं टर्मिनल काढलं, हात पुसले आणि म्हणाले, “आता चहा घेऊ. दहा मिनिटं हात लावायचा नाही.”

तेव्हा मला ती नुसती सवड वाटली. कारण नंतर कळलं. जोराची धडक बसली की बॅटरी पहिल्याच क्षणी तुटून पडू शकते. ती असते बहुतेक पुढेच, बॉनेटखाली. म्हणून एअरबॅगचा कंट्रोल युनिट स्वतःजवळ एका कपॅसिटरमध्ये थोडी वीज साठवून ठेवतो. रानात जाणारा माणूस पाण्याची बाटली कमरेला बांधून नेतो तशी. बॅटरी गेली तरी एकदा फुगा फोडण्यापुरती शिदोरी त्याच्याकडे असते. टर्मिनल काढल्यावर ती शिदोरी जिरायला काही मिनिटं जावी लागतात, आणि ती जिरेपर्यंत त्या वायरींच्या वाटेला न जाणं हेच शहाणपण. सगळ्या कंपन्यांची सर्व्हिस पुस्तकं हेच सांगतात.

चहानंतर सीट उचलली. खाली गालिचा ओला होता. एसीचं पाणी बाहेर टाकणाऱ्या नळीच्या तोंडाशी कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलं होतं. नळी तुंबली आणि पाणी आत उतरलं. त्या ओलीत वायरी जोडणारा एक पिवळा कपलर पडून होता. एअरबॅगचे कपलर पिवळे असतात, जगभर, म्हणजे हात घालणाऱ्याला आधीच कळावं की ही वायर इतरांसारखी नाही. कपलर उघडला तर आत गाळाचा पातळ थर आणि एका पिनेवर डाग. पितळेच्या भांड्यात ताक कळकतं, तसलंच काही तिथे झालेलं. एवढ्याशा डागानं काय होतं, हा प्रश्न मला तिथंच पडला. आणि या लेखाचा सगळा गाभा त्या प्रश्नाच्या उत्तरात आहे.

एअरबॅगच्या मुळाशी एक ठिणगी पेटवणारा छोटा तुकडा असतो. दोन पिनांमध्ये केसासारखी तार आणि तिच्याभोवती चिमूटभर स्फोटक. तार तापली की ते पेटतं, ते पेटलं की मोठ्या गोळ्या पेटतात, त्यांतून वायू निघतो आणि फुगा भरतो. जुन्या गाड्यांत त्या गोळ्या सोडियम अझाइडच्या असत. त्यातून निघे शुद्ध नायट्रोजन, आपण श्वासात घेतो त्या हवेतला ७८ टक्के वाटा असलेला तोच वायू. सारं एकदाच होतं. एकदा पेटलं की संपलं.

आता अडचण बघा. ब्रेक चालतो की नाही ते दाबून बघता येतं, हॉर्न वाजवून बघता येतो. एअरबॅग कशी तपासणार? फटाका न फोडता तो फुटेल की नाही, हे कसं कळावं? तेही एकदा नव्हे, रोज, पंधरा वर्षं, कर्जतच्या पावसात आणि चाळिशी ओलांडणाऱ्या उन्हात.

अभियंत्यांनी काढलेली तोड इतकी नाजूक आहे की ती कळल्यावर मी गाडीत नुसता बसून राहिलो होतो. त्या तारेचा रेझिस्टन्स साधारण दोन ओहम असतो. ती पेटवायला सुमारे १.२ अँपिअर प्रवाह दोन मिलिसेकंद लागतो. कंट्रोल युनिट तिच्यातून त्याच्या तिसाव्या-चाळिसाव्या हिश्शाचा बारीकसा प्रवाह सोडतो आणि किती अडथळा झाला ते मोजतो. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. प्रवाह तीसपट कमी केला की उष्णता नऊशेपट कमी होते. तार कोमटसुद्धा होत नाही. झोपलेल्या बाळाच्या नाकापुढे आई बोट धरते, श्वास चालू आहे ना ते बघायला. बाळाला पत्ता लागत नाही. तसं हे बोट गाडी चालू असेपर्यंत पुनःपुन्हा धरलेलं असतं. प्रत्येक फुग्याच्या तारेपाशी, आणि पट्टा क्षणात आवळणाऱ्या प्रीटेन्शनरच्या तारेपाशीही, कारण त्यातही असाच पेटणारा तुकडा असतो.

उत्तर दोन ओहमच्या आसपास आलं तर सगळं ठीक. एक-दोन ओहम जास्त आलं तरी युनिट बिथरतो. आणि एक-दोन ओहम म्हणजे काय? पिनेवरचा डाग. गाडी खड्ड्यांतून चालताना कपलरच्या पिना एकमेकींवर केसभर घासतात, दिवसातून हजारो वेळा. घासून मुलामा जातो, उघड्या धातूवर गंजाचा पापुद्रा बसतो, ओलीनं तो वाढतो. म्हणूनच या पिनांवर पुष्कळदा सोन्याचा मुलामा देतात. सोनं गंजत नाही, आणि दोन ओहमचं बोलणं ऐकायचं तर मधल्या सांध्यानं तोंड घालता कामा नये. सीटखालच्या चिखलात पडलेल्या कपलरमध्ये सोनं असू शकतं, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

त्याच कपलरमध्ये धातूची एक बारीक पट्टीही दडलेली असते. कपलर सोडवला की ती आपोआप दोन्ही पिनांना चिकटून त्यांना एकमेकींशी जोडते. हिवाळ्यात नायलॉनचं कापड काढताना चटचट आवाज येतो, त्या स्थिर विजेनंसुद्धा तार पेटू नये म्हणून. दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या हातांची काळजी त्या प्लास्टिकच्या डबीनंच घेतलेली असते.

मी कर्जतचा. आमच्याकडे जुना रेल्वेवाला भेटला की घाटाच्या गोष्टी निघतात, आणि त्यांत कॅच सायडिंग हमखास येतं. बोरघाटातून रेल्वे गेली १८६३ साली. चढ ३७ फुटांना एक फूट. घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून रेटायला कर्जतला जादा इंजिनं जोडतात, हे वडापाव खाता खाता सगळ्यांनी पाहिलेलं असतं. उतरणाऱ्या गाड्यांचं मात्र फारसं कुणी पाहत नाही. मंकी हिल, ठाकूरवाडी अशा ठिकाणी त्यांना थांबावं लागतं. तिथे रुळांचा सांधा मुळात मुख्य रुळाकडे लावलेलाच नसतो. तो लावलेला असतो बाजूच्या चढणीच्या रुळाकडे. ब्रेक गेलेली गाडी आली तर ती आपोआप त्या चढणीवर जाऊन थकून थांबावी म्हणून. गाडी आली, थांबली, म्हणजे आपले ब्रेक शाबूत आहेत हे तिनं करून दाखवलं. मग सांधा वळतो आणि पुढची वाट मोकळी होते.

एअरबॅगचा दिवा याच घराण्यातला आहे. बिघाड झाला की दिवा लागतो, असं आपल्याला वाटतं. पुष्कळ गाड्यांत मांडणी उलटी असते: दिवा मुळात लागलेलाच राहणार, कंट्रोल युनिटनं सगळ्या तारांशी कुजबुज करून, सीटची धार मोजून, कपॅसिटर भरून, स्वतःची स्मृती तपासून ‘सर्व ठीक’ म्हटलं तरच तो विझणार. युनिट पार मेला, पाण्यात बुडाला, कपलर निखळला, तरी दिवा लागलेलाच राहावा, अशी सोय केलेली असते. चावी फिरवल्यावर ते पाच-सहा सेकंद म्हणजे गाडीची ठाकूरवाडी. रोज ती तिथे थांबते आणि ब्रेक दाखवते.

हा युनिट बसवलेला असतो बहुधा गिअरच्या दांड्याखाली, गाडीच्या मधल्या फुगवट्यावर, कारण गाडीचा तो भाग सर्वांत टणक आणि धक्क्याची खबर तिथे नीट पोचते. पण म्हणूनच गालिचाची ओल त्याच्यापर्यंत पोचायला वेळ लागत नाही. उल्हासच्या किंवा पाताळगंगेच्या पुराचं पाणी एकदा सीटपर्यंत चढलं असेल, तर अशी गाडी कितीही चकचकीत करून विकायला आणली तरी मी हा युनिट आणि सीटखालचे कपलर बघितल्याशिवाय ती घेणार नाही.

धडक कळते कशी, तेही सांगायला हवं. पहिल्या पिढीत चुंबकानं धरून ठेवलेला पोलादी गोळा असे. अमेरिकेत अॅलन ब्रीड यांनी १९६०च्या दशकात ती युक्ती काढली. गाडी एकाएकी थांबली की गोळा चुंबक सोडून नळीत पुढे धावतो आणि दोन टोकं जोडतो. १९९०च्या दशकात ते काम सिलिकॉनच्या चिपवर आलं. चिपमध्ये सिलिकॉनचेच दोन कंगवे असतात, दात एकमेकांत घुसलेले, प्रत्येक दात केसाहून कितीतरी बारीक. धक्का बसला की एक कंगवा किंचित झुकतो, दातांमधलं अंतर बदलतं, त्या अंतराबरोबर साठणारी वीज बदलते. त्या बदलावरून युनिट ठरवतो की हा चौक गावच्या रस्त्यावरचा खड्डा आहे की खरी धडक. खड्ड्याचा धक्का टोकदार असतो आणि लगेच ओसरतो. धडकेत गाडीचा वेग गळतच जातो. एकाच सेन्सरच्या साक्षीवर फुगा फोडत नाहीत, दुसऱ्याचीही साक्ष लागते.

हे सगळं होतं पंधरा-वीस मिलिसेकंदांत. गाड्यांची धडक तपासणारी भारत एनसीएपीची चाचणी ऑक्टोबर २०२३पासून सुरू झाली. तीत गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगानं आदळवतात. त्या वेगानं वीस मिलिसेकंदांत गाडी एक हातभरही पुढे जात नाही. तेवढ्यात निर्णय होतो, आणि पुढच्या तीसेक मिलिसेकंदांत फुगा भरतो. पापणी मिटून उघडायला शंभराहून जास्त मिलिसेकंद लागतात. खालापूरच्या टोलनाक्याच्या अलीकडे-पलीकडे लोक शंभरच्या वेगानं जातात. तिथे त्या हिशेबाला किती कमी जागा उरते, ते गाडीत बसूनच कळतं.

१९५२ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात जॉन हेट्रिक नावाचे गृहस्थ बायको आणि लहान मुलीला घेऊन रविवारी फिरायला निघाले होते. रस्त्यात मोठा दगड आला, त्यांनी गाडी वळवली, गाडी खड्ड्यात उतरली. त्या क्षणी नवरा-बायको दोघांचेही हात आपोआप मुलीपुढे आडवे गेले. त्या रात्री त्यांच्या डोक्यात विचार घोळत राहिला की हे हातांचं काम दुसरं काही का करू नये. आणि १९५३ साली त्यांना हवेच्या उशीचं पेटंट मिळालं. आपल्याकडे एसटीत, रिक्षात, करकचून ब्रेक लागला की आईचा हात मुलाच्या छातीपुढे जातोच. एअरबॅग हा तो हात आहे. फक्त तो पट्ट्याच्या जोडीनंच उपयोगी पडतो. पट्टा नसलेल्या माणसाला, किंवा पुढच्या सीटवर मागे तोंड करून बसवलेल्या तान्ह्या बाळाला, तोच हात जोराचा फटका मारतो. अमेरिकेत १९९०च्या दशकात पुढे बसलेली लहान मुलं अशी दगावली, आणि त्यानंतरच तिथे सीटनं मूल आणि मोठा माणूस ओळखावा असे नियम आले. काही कंपन्यांनी सीटखाली सिलिकॉननं भरलेली पिशवी ठेवून तिचा दाब मोजला, काहींनी सीट धरून ठेवणाऱ्या बोल्टांनाच वजन करायला शिकवलं.

आपल्याकडे चालकाची एअरबॅग आणि पुढच्या दोन्ही सीटच्या पट्ट्याची टिंग-टिंग नव्या गाड्यांना १ जुलै २०१९पासून सक्तीची झाली, शेजारच्या सीटची एअरबॅग २०२२च्या सुरुवातीपासून. त्याआधीच्या गाड्यांमध्ये जे होतं ते मालकानं जादा पैसे मोजले म्हणून होतं. त्या गाड्या आता म्हाताऱ्या होताहेत, आणि पहिली एअरबॅग ज्या पिढीनं विकत घेतली तिच्याच वाट्याला पहिला लाल दिवा येतोय.

या दिव्याच्या मर्यादेबद्दल मात्र मला स्पष्ट बोललं पाहिजे. तो तारेची प्रकृती सांगतो, स्फोटकाची नाही. जपानच्या ताकाता कंपनीच्या इन्फ्लेटरमध्ये, म्हणजे फुगा भरणाऱ्या डबीत, अमोनियम नायट्रेट वापरलेलं होतं, खतांतून शेतकऱ्यांच्या परिचयाचाच क्षार. वर्षानुवर्षं दमट हवा आणि दिवस-रात्रीचा तापमानातला चढउतार सोसून त्याच्या गोळ्या भुसभुशीत झाल्या. पेटल्यावर त्या ठरल्यापेक्षा वेगानं जळल्या आणि धातूची डबीच फुटून तिचे तुकडे माणसांच्या अंगात घुसले. जगभर सुमारे १० कोटी इन्फ्लेटर परत बोलवावे लागले, भारतातल्या गाड्यांसह. कंपनी २०१७ साली दिवाळखोरीत गेली. त्या गाड्यांत दिवा विझलेलाच होता, कारण तार ठणठणीत होती. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणाऱ्या आमच्या तालुक्यातल्या प्रत्येकानं आपल्या जुन्या गाडीचा चॅसी नंबर कंपनीच्या रिकॉलच्या यादीत एकदा तरी घालून बघावा. हे काम फुकट होतं आणि पाच मिनिटांचं आहे.

आणि एक गोष्ट मला सहन होत नाही. दोन ओहमचा एक रेझिस्टर काही रुपयांत मिळतो. मेकॅनिक तो बिघाड शोधताना घटकाभर जोडतो, ते योग्यच आहे. पण जुनी गाडी विकताना कुणी फुटलेल्या एअरबॅगच्या जागी तो कायमचा जोडून देतं, वर कव्हर चिकटवतं, आणि युनिट समाधानानं दिवा विझवतो. कुणी त्याहून सोपं करतं, दिवाच काढून टाकतं. म्हणून जुनी गाडी बघायला गेलात तर इंजिन सुरू करण्याआधी नुसती चावी फिरवून थांबा. तो लाल माणूस दिसला पाहिजे आणि मग गेला पाहिजे. दिसलाच नाही, किंवा नंतर इंजिन सुरू केल्यावर ऑइलच्या दिव्याबरोबर जोडीनं विझला, तर डाळीत काहीतरी काळं आहे. स्टिअरिंगवरचा हॉर्न बंद आणि एअरबॅगचा दिवा चालू असेल तर बहुतेक स्टिअरिंगमागची गुंडाळलेली फीत, जिला क्लॉक स्प्रिंग म्हणतात, ती तुटलेली असते. दोन्हींच्या वायरी तिच्यातूनच जातात, आणि घाटातली वळणं घेऊन घेऊन ती कधीतरी दमते. मल्टीमीटर घेऊन एअरबॅगच्या तारेला कधीच लावू नका. मीटर स्वतःचा प्रवाह सोडतो, आणि तो किती हे तारेला विचारून सोडत नाही.

इलेक्ट्रिशियननी पिना साफ केल्या, स्प्रे मारला, गालिचा उन्हात टाकला, वायरी वर बांधून घेतल्या, नळीतलं मातीचं घर तारेनं मोकळं केलं. चटईही वाळल्यावर शुद्धीवर आली. टर्मिनल जोडलं, कोड पुसले. मग ते दाराबाहेर उभे राहिले आणि म्हणाले, “काका, आत वाकू नका, बाहेरूनच चावी फिरवा.” फिरवली. लाल माणूस दिसला. आम्ही दोघंही मनात मोजत होतो.

सहाला तो गेला.

पळसदरीच्या अलीकडे पाऊस पुन्हा लागला. काच किंचित खाली करून चाललो होतो. डोंगरात कुठेतरी गाडी थांबलेली असावी, कारण बराच वेळ काही आवाज नव्हता. मग इंजिनाची शिट्टी आली.